औदेनार्देजवळील सायकलपटूंचे वसतिगृह

बेल्जियममधील औदेनार्देजवळच्या या वसतिगृहात परदेशांतून शर्यतींसाठी आलेली अठरा-वीस वर्षांची मुले हंगामभर राहतात, आणि त्यांना मऊ गादीपेक्षा सायकल धुण्याची जागा, दुरुस्तीची कोरडी खोली व रात्री उशिराही मिळणारा गरम भात अधिक मोलाचा असतो, हे चालकांनी नेमके ओळखले आहे. जेमतेम 600 मीटर लांबीचा, पण 22 टक्क्यांपर्यंत चढणारा कोपेनबर्गचा दगडी रस्ता सरावासाठी जवळच आहे. गावजत्रेनिमित्त भरणाऱ्या ‘केर्मिस’ शर्यतींना नेणारी गाडी मात्र वेळ पाळत नाही. माझा मुलगा दोनदा नावनोंदणी संपतासंपता पोहोचला. कपडे वाळवण्याचे यंत्रही एकच आहे, आणि तिथला पाऊस कोणासाठी थांबत नाही. तरीही पुढच्या एप्रिलसाठी त्याची खोली मी आताच राखून ठेवली आहे.