नव्या आंबा कलमांचा पहिला उन्हाळा : बादली, मडकं की ठिबक?

जूनमध्ये लावलेली कलमं दिवाळीपर्यंत तजेलदार दिसतात. परीक्षा सुरू होते ती फेब्रुवारी सरल्यावर. पण पाण्याची सोय खड्डे भरतानाच ठरवा. मडकं पुरायचं तर ते लावणीबरोबरच; नंतर खोदलं की नवी मुळं तुटतात.

सुरुवातीला कलमाची मुळं पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच, म्हणजे हुंडीतच, असतात. भोवतीची जमीन ओली असूनही हुंडी आतून कोरडी पडू शकते. म्हणून पद्धत कोणतीही घ्या, पहिले काही आठवडे पाणी हुंडीवरच पडलं पाहिजे.

घराजवळ दहा-पंधरा झाडं असतील तर बादली पुरे. आळं करून सावकाश ओता. रोज तांब्याभर शिंपडू नका, त्यानं मुळं वरच राहतात. काळ्या जमिनीत आधी भेगा खुरपून बुजवा, नाहीतर पाणी भेगेतूनच निघून जातं.

मुरमाड जमीन, पन्नासेक झाडं आणि टँकरचं पाणी असेल तर माझा कल मडक्याकडे आहे. बिनरंगाचं, चांगलं झिरपणारं मडकं खोडापासून फूट-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं पाणी झिरपतं, उन्हानं फारसं उडत नाही. मुळं स्वतःच मडक्याकडे येतात, पण त्याला वेळ लागतो. तोवर बादली सोडू नका. पाणी क्षारयुक्त असेल तर मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात. आणि भर मे महिन्यात मडकी भरायला कोण जाणार, हे आधीच ठरलेलं असू द्या.

शंभराच्या वर झाडं आणि मेपर्यंत टिकणारी विहीर असेल तर ठिबकच. मात्र मोटार चालू म्हणजे झाडाला पाणी मिळालं, असं धरू नका. ड्रिपर चोंदतात, उंदीर-खारी नळ्या कुरतडतात. ओळीनं फिरून प्रत्येक थेंब पाहावा लागतो. मुरमात पाणी आडवं न पसरता सरळ खाली जातं, म्हणून एकाऐवजी दोन्ही बाजूंना दोन ड्रिपर द्या.

तिन्हींत उसाच्या पाचटाचं आच्छादन हवंच, फक्त खोडापासून वीतभर लांब; वाळवीवर लक्ष ठेवा. पाणी नीट मिळू लागलं की कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खुंटातून, फुटवे जोरात येतात. ते दिसताच काढा, नाहीतर केसरच्या जागी खुंटाचा गावठी आंबाच वाढेल.