बडोद्यात घरगुती तोरणं विकायची: स्टॉल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम की दुकान?

घरी केलेली तोरणं, बटवे विकायचेत आणि प्रचाराला महिन्याला दीड-दोन हजारच काढता येतात, तर ते पैसे आधी स्टॉलला लावा. हातकामाची किंमत फोटोत पटत नाही. टाके आणि अस्तर उलटून पाहिलं की पटते.

हिशेब मात्र आधीच मांडा. भाडं १५०० रुपये आणि तोरणामागे १२० सुटत असतील, तर तेराव्या तोरणाला भाडं निघतं. तेवढी जातील असं वाटत नसेल, तर दोघींत एक टेबल घ्या. माल टेबलावर पसरू नका, डोळ्यांच्या उंचीवर टांगा. किंमत गुजरातीतही लिहा. ती दिसली नाही की गिऱ्हाईक न विचारताच पुढे सरकतं. दिवा मालाच्या मागे असला तर संध्याकाळी रंग काळपट दिसतात, म्हणून समोरून लावायला चार्जिंगचा एक दिवा सोबत हवाच.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, पण ते नवं गिऱ्हाईक फारसं आणत नाही, आलेलं धरून ठेवतं. आणि घोळ नेमका इथेच होतो: स्टॉलवर नंबर वहीत उतरवून घेतले, ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) घातले, तरी मेसेज पोचत नाहीत. समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट त्याच्यापर्यंत जातच नाही. म्हणून पैसे घेतानाच व्हॉट्सॲपचा क्यूआर पुढे करा, त्यांच्याकडून ‘तोरण’ एवढा मेसेज येऊ द्या आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. कॅटलॉगमध्ये दहा-बारा वस्तू पुरेत, पण माप इंचात द्या. नुसतं ‘मोठं’ लिहिलं की ३६ इंचांचं तोरण ४२ इंचांच्या दाराला जातं आणि परत येतं.

इन्स्टाग्रामवर लाईक भरपूर, ऑर्डरी तुरळक. बाहेरगावची आलीच तर काचेचे मणी वाटेत फुटतात, आणि खोका-टपालाचा खर्च किमतीत धरलेलाच नसतो. पोस्ट बूस्ट करायचीच (पैसे देऊन जास्त लोकांना दाखवायचीच) असेल तर ठिकाण फक्त वडोदरा ठेवा आणि उद्दिष्ट मेसेजचं निवडा.

मंगळ बाजारातल्या एखाद्या दुकानात ‘विकल्यावर पैसे’ बोलीवर माल ठेवता येतो. खर्च शून्य, पण दुकानदाराचा टक्का, हिशेबाची तारीख आणि उन्हानं विटलेला माल कुणाच्या अंगावर, हे दिलेल्या मालाच्या यादीवर लिहून सही घ्या.

स्टॉल एकदाच परवडणार असेल तर गणपतीतला धरा. तिथे जोडलेल्या नंबरांवर नवरात्रात दिवाळीच्या ऑर्डरी घ्या, आणि हातून होतील तेवढ्या झाल्या की ऑर्डरी घेणं बंद करा.