ऑइल पंप बदलला म्हणून १९,४०० घेतले, पंपाला हातसुद्धा लावला नव्हता

गाडीतलं फार कळत नसेल आणि गॅरेजवाल्याने "ऑइल पंप गेलाय" (इंजिनभर तेल फिरवणारा पंप) असं सांगितलं असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे गेले ते गेले, पण पैशापेक्षा भयंकर गोष्ट वेगळीच होती, ती पुढे सांगते.

मे महिन्यात वाईहून पुण्याला येत होतो, मी आणि मुलगी. गाडी माझी २०१३ ची पेट्रोल, छोटीच. खंबाटकी उतरून आलो, खेड शिवापूरच्या टोलला मोठी रांग होती, दुपारचं ऊन, एसी चालू, आणि गाडी जागेवर उभी असताना तो तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की विझायचा, सोडली की परत. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली, थोड्या वेळाने कांडी काढून बघितली, तेल दोन खुणांच्या मध्ये व्यवस्थित होतं. खरं तर तिथूनच टो करून आणायला हवी होती, लाल दिव्यावर गाडी चालवायची नसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तशीच हळूहळू नवले पुलापर्यंत आणली आणि सिंहगड रोडच्या एका गॅरेजमध्ये लावली. नाव लिहीत नाही.

तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकल्यासारखं केलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, मॅडम पंप गेलाय, अजून दहा किलोमीटर चालवली असती तर इंजिन सीझ म्हणजे जाम, मग लाखाचं काम. मी घाबरले. कोणीही घाबरेल. मी विचारलं की चेक कसं केलं, तर म्हणे वीस वर्षं हेच करतोय, तुम्हाला नाही कळायचं ते. दोन दिवसांनी गाडी दिली, पंप ९,८००, सीलंट-गॅस्केट १,२००, तेल आणि फिल्टर २,९००, मजुरी ५,५००. साध्या कागदावर लिहून दिलं, जीएसटी बिल मागितलं तर म्हणे मग १८ टक्के वर लागतील, आणि मी गप्प बसले, ही चूक माझी. जुना पंप मात्र मी मागून घेतला. तेलाने माखलेला, खाली लांब दांडा असलेला एक लोखंडी तुकडा पिशवीत घालून दिला. दिवा बंद झाला होता म्हणून मी निश्चिंत.

तीन आठवड्यांनी मुलगी कोथरूडला ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली. तिथे त्यांनी शिकवलं की चावी फिरवली की इंजिन चालू करायच्या आधी सगळे लाल दिवे लागतात का बघायचं, मग चालू केल्यावर विझतात का बघायचं. रविवारी आमच्या गाडीत बसली आणि म्हणाली, आई, बॅटरीचा लागतोय, हँडब्रेकचा लागतोय, पण तेलाचा दिवा लागतच नाहीये.

इंजिन बंद असताना तेलाला प्रेशर शून्य असतं, म्हणजे चावी फिरवल्यावर तो दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर एक तर बल्ब गेलाय नाहीतर कोणीतरी वायर काढलीये. भावाच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत नाना पेठेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांच्याकडे नेली. मामांनी टॉर्च लावून खाली वाकून बघितलं आणि दोन मिनिटांत हात बाहेर काढला, तेलाचं प्रेशर कमी झालं की दिवा लावतो त्या प्रेशर स्विचची वायर उपटून टेपने बाजूला चिकटवलेली होती. म्हणजे तीन आठवडे माझ्या गाडीत तेल पूर्ण संपलं असतं तरी मला कळलं नसतं, आणि त्या गाडीत मी मुलीला घेऊन हायवेला जाऊन आले होते. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मग मामांनी ते केलं जे पहिल्याने करायला हवं होतं. स्विच काढला, त्याच भोकात प्रेशर गेज लावलं, इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. जागेवर उभ्या गाडीला प्रेशर दीड किलो, रेस वाढवली तर चारच्या जवळ. म्हणाले ताई, तुमचा पंप ठणठणीत आहे, स्विच खराब आहे, बघा कनेक्टरमधून तेल झिरपलंय. नवा स्विच बसवला, ३५० रुपये.

पिशवीतला तो "जुना पंप" दाखवला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग समजावून सांगितलं. हा गिअरचा पंप आहे, जुन्या जीपसारख्या गाडीचा, दांड्यावर फिरतो, इंजिनाच्या खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या भांड्यात, बसतो. माझ्या गाडीत पंप क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकालाच असतो, त्यात एकात एक बसलेले दोन रोटर, आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी, फिरताना मधली जागा मोठी होते तेव्हा चेंबरमधून जाळीतून तेल ओढलं जातं आणि जागा लहान होते तेव्हा ते फिल्टरकडे ढकललं जातं, तिथून क्रँकच्या बेअरिंगला आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला. प्रेशर फार वाढलं तर एक व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं तेल परत सोडतो. गाडी उभी असताना क्रँक हळू फिरते म्हणून पंपही हळू, त्यात तेल तापून पातळ झालेलं, म्हणून दिव्याची तक्रार बहुतेक वेळा उन्हात ट्रॅफिकमध्येच दिसते. तो पंप बदलायचा तर पुढची पुली, टायमिंग कव्हर, बहुतेक चेंबरही उतरवावं लागतं. माझ्या कव्हरच्या कडेचं सीलंट जुनं, कडक, बोल्टवर वर्षानुवर्षांची धूळ. आणि फिल्टरवर मागच्या सर्व्हिसचे किलोमीटर मार्करने लिहिलेले तसेच. तेलसुद्धा बदललं नव्हतं!

मामांचं म्हणणं, पंप स्वतः कायम तेलातच असतो, तो सहजासहजी जात नाही. आधी तेलाची पातळी, मग स्विच, मग तेल वेळेवर न बदलल्याने जाळीत बसलेला गाळ, जास्त चाललेल्या गाडीत झिजलेली बेअरिंग, आणि मग पंप. म्हणून कोणी पंप म्हणालं की तुमच्यासमोर गेज लावून गरम इंजिनाचं रीडिंग दाखवायला सांगा, फोटो काढा. गेज नाही म्हणाला तर गाडी टो करून दुसरीकडे न्या. आणि दिवा खरंच लागला तर "स्विचच असेल" असं समजून चालवत राहू नका, खरंच प्रेशर गेलं असेल तर बेअरिंग काही मिनिटांत जातात.

भावाला घेऊन, फोटो आणि तो पंप घेऊन परत त्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने आधी आवाज चढवला, गॅरेजमधल्या पोराने चुकून दुसरा पंप दिला म्हणाला, वायरचं विचारल्यावर मात्र गप्प. १०,००० परत दिले. उरलेल्या ९,४०० साठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीये, युपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो साधा कागद जपून ठेवलाय. पंप अजून माझ्या डिकीत आहे, जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तोही घेऊन जाणार.