नव्या काँक्रीटवर इपॉक्सी आणि डेन्सिफायर : काही महिने वापरल्यानंतर

लेथच्या मागे इपॉक्सीला फोड आले म्हणून हे लिहितोय. आले नसते तर कंटाळा केला असता. इपॉक्सी कंपनीचा माणूस आला, अंगठ्याने एक फोड दाबून पाहिला, "खालून ओल आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि फोटो काढून निघून गेला.

वर्कशॉपची जमीन नवी. चार इंच काँक्रीट, मशीनने घोटून गुळगुळीत केलेलं. मशीनच्या बाजूला ग्राइंडिंग करून दोन डब्यांचं इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा थर, त्यावर रंगीत फ्लेक्स, म्हणजे शोभेचे बारीक तुकडे, वरून पारदर्शक क्लिअर कोट. वेल्डिंगच्या कोपऱ्यात ठिणग्यांनी इपॉक्सी जळतं, म्हणून तिथे फक्त लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर, म्हणजे काँक्रीटमध्ये मुरून त्याला घट्ट करणारं द्रव. दोन्ही एकाच ओतकामावर आहेत, तेव्हा तुलनेत "तुमचं काँक्रीटच वेगळं" ही पळवाट कुणाला नाही.

आधी भांडणाचं. इपॉक्सीच्या डब्यावर ठळक छापलंय, '२८ दिवसांनी लावा'. आम्ही त्याहून जास्तच थांबलो. पण २८ दिवस हा ताकदीचा आकडा आहे, त्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे दाबून तपासतात. सुकण्याशी त्याचा संबंध नाही. सुकण्याचा ढोबळ हिशोब इंचाला महिना, तोही पाणी मारणं बंद केल्यापासून, आणि जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर. म्हणजे चार इंचांना चार महिने. हे सगळं त्या माणसाला तोंडपाठ होतं, पण फोड आल्यावर. डबा विकताना कुणी अवाक्षर काढलं नाही. ओलीबद्दलचं वाक्य डब्याच्या मागे इतक्या बारीक टायपात आहे, की ते वाचण्यासाठी छापलेलं नाही हे उघड आहे.

"प्लास्टिकची टेस्ट करायची होती ना!" म्हणे. केली होती. दीड फुटाचा चौकोनी कागद, चारी कडांना टेप, १६ तासांहून जास्त. उचलला तर खाली एक थेंब नाही, जमिनीचा रंगही बदललेला नाही. या टेस्टमध्ये फक्त वरवरची ओल कळते. पोटातली ओल मोजायची तर जमिनीला भोक पाडून जाडीच्या ४० टक्के खोलीवर प्रोब, म्हणजे ओल मोजणारी सळई, बसवावा लागतो. वरचा थर सुकलेला, आत पाणी, आणि त्यावर आपण झाकण घातलं की ती ओल हळूहळू वर येऊन झाकणाखाली साचते. एक फोड टाचणीने टोचला तर बुळबुळीत पाणी आलं, साबणाचे हात धुताना लागतं तसं. काँक्रीटमधला क्षार उतरलेलं पाणी. ते उघड्या हाताने चोळू नका.

सांध्यांचंही थोडक्यात. इपॉक्सीवाल्यांनी काँक्रीटचे कट, म्हणजे जमिनीत मुद्दाम पाडलेल्या खाचा, कडक पुट्टीने भरून त्यावरून सलग रंग ओढला. नवीन काँक्रीट कितीतरी महिने आकसत राहतं, आणि आकसताना भेग तिथेच पडावी म्हणूनच तर कट मारलेले असतात. आता प्रत्येक कटावर केसासारखी भेग आहे. तिथे थोडं लवचिक पॉलियुरिया फिलर हवं, तेही जितकं उशिरा भराल तितकं चांगलं.

पण माझा खरा राग फ्लेक्सवर आहे. फोड घासून निघतील, भेगा भरता येतील. या काळ्या-पांढऱ्या-करड्या ठिपक्यांचं काय करायचं? तीन मिलिमीटरचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारका स्क्रू) हातातून सुटला की गेला. टणकन आवाज येतो, कुठल्या दिशेला गेला तेही कळतं, आणि तरी दिसत नाही, कारण जमिनीवर तेवढ्याच आकाराचे, त्याच रंगाचे हजारो तुकडे आधीच चिकटलेले आहेत. सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) उडाली तर शोधायला जाऊच नका. लोखंडी वस्तूंसाठी चुंबक फिरवता येतं, कार्बोरेटरच्या पितळी जेटला ते काय करणार? शेवटी जडलेली सवय अशी : दिवे बंद करायचे, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवायचा आणि सावली कुणाची पडते ते गुडघ्यावर बसून बघायचं. मग कळतं की अर्ध्या सावल्या फ्लेक्सच्याच टोकांच्या आहेत.

विकणाऱ्याचं म्हणणं, "घाण दिसून येत नाही, हाच तर फायदा." दिवाणखान्यात असेल. वर्कशॉपमध्ये मला घाण दिसायला हवी आहे. गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपत होतं, ते पाय घसरला तेव्हा समजलं. साध्या फिकट करड्या रंगावर तो डाग पहिल्या दिवशी दिसला असता. बरं, या फ्लेक्सचे पैसे वेगळे मोजलेत.

इपॉक्सीची बाजूही सांगतो, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. कटिंग ऑइल सांडलं तर फडक्याच्या एका फटक्यात जमीन साफ. फिकट रंगामुळे मशीनखालीही उजेड पोचतो. फोड फक्त एका पट्ट्यात आहेत, बाकीचं अजून घट्ट आहे.

डेन्सिफायर लावलं त्या आठवड्यात मात्र वाटलं होतं की पाण्यालाच पैसे मोजले. ना रंग, ना चकाकी. जमीन आधी होती तशीच. मोकळ्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होऊन सिमेंट ज्याने घट्ट होतं तोच पदार्थ छिद्रांत तयार होतो, हे वाचायला छान, पण डोळ्यांना काय? मत बदललं ते काळ्या फडक्याने. दाराजवळच्या, डेन्सिफायर न लावलेल्या पट्टीवर फडकं घासलं की पांढरं होतं, कोपऱ्यात घासलं तर जेमतेम राखट. वेल्डिंगचे गोळे पडतात, ते खरवडून काढतो, खाली काही बिघडत नाही. आणि ओल? तीच जमीन, तीच ओल, पण वर पापुद्राच नाही, त्यामुळे वाफ आपली आपण निघून जाते.

मग तेल सांडलं आणि पुन्हा चिडलो. डेन्सिफायर तेल अडवत नाही. लगेच पुसलं तर ठीक, रात्रभर राहिलं तर डाग कायमचा. गंज काढायच्या ॲसिडनेही जमीन खाल्ली जाते, त्यावर कुठलंच सिलिकेट उपाय नाही. आता तिथे तेल-पाणी दोन्ही अडवणारं, पापुद्रा न धरणारं पेनिट्रेटिंग सीलर मारणार आहे. क्रम लक्षात ठेवा : आधी डेन्सिफायर, मग सीलर. उलट केलं तर पाण्यातलं सिलिकेट आत शिरतच नाही.

कंपनीशी घासाघीस होऊन एवढं पदरात पडलंय की माल त्यांचा, मजुरी माझी. फोडांचा पट्टा काँक्रीटपर्यंत घासून काढायचा, यावेळी प्रोब लावून ओल मोजायची आणि आकडा त्यांच्या मर्यादेत बसला तरच पुन्हा इपॉक्सी. नाही बसला तर तिथेही डेन्सिफायर. बदली मालाच्या खोक्यात त्यांनी फ्लेक्सची पिशवीही पाठवली होती, ती त्याच गाडीने परत केली.