कॅम्पर व्हॅनसाठी घेतलेला डीसी क्लॅम्प मीटर, सहा महिने वापरून लिहितोय

पाण्याचा पंप सुरू केला की दिवे मंद होतात, पंपाचा आवाज दमल्यासारखा येतो आणि पहाटे बघावं तर फ्रिज बंद पडलेला, असं ज्याच्या व्हॅनमध्ये होतंय त्याने कृपया नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे वाचा. मला वर्कशॉपमध्ये सांगितलं बॅटरी गेली, मी ती बदलली आणि चार दिवसांनी परत तेच सगळं सुरू. जुनी बॅटरी चांगली होती हे मला नंतर कळलं आणि त्याचा मला अजूनही राग आहे, कारण तिथे कुणी पंप चालू करून मीटर लावलाच नव्हता.

मग हा मीटर घेतला. वरती चिमट्यासारखा जबडा असतो, तो वायरभोवती अडकवायचा आणि करंट किती जातोय ते स्क्रीनवर दिसतं, वायर सोडायची गरज नाही. साध्या मल्टिमीटरने करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मधे घालावा लागतो आणि बहुतेकांची मर्यादा १० अँपिअर, त्यावर गेलं की आतला फ्यूज उडतो. व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर १००० वॅटचं काही लावलं तर १२ व्होल्टच्या बाजूला ९० च्या आसपास अँपिअर जातात, तिथे साधा मीटर काय करणार.

घेताना एक गोष्ट नक्की बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट (घरातल्या मेन्सचा) मोजतात, बॅटरीचा करंट डीसी, त्या वायरला लावले तर शून्यच दाखवणार. आपल्याला हॉल सेन्सरवाला (चुंबकत्व ओळखून डीसीसुद्धा मोजणारा) पाहिजे, डायलवर करंटच्या खुणेपाशी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल आणि झिरोचं बटण असेल तर तो डीसीवाला. ते झिरोचं बटण प्रत्येक वेळी दाबायचंच, आणि जबडा ज्या दिशेला धरून मोजणार त्याच दिशेला धरून दाबायचं, कारण पृथ्वीच्या चुंबकत्वानेसुद्धा याचा आकडा थोडा हलतो. आणि जबड्यात एकच वायर घ्यायची, प्लस मायनस दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींना काटतात आणि शून्य दिसतं, लोकांना वाटतं मीटर खराब निघाला.

आता माझा फॉल्ट कसा सापडला ते सांगतो. पंप आणि फ्रिज दोन्ही चालू ठेवले, क्लॅम्पवर साधारण १० अँपिअर. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत, आणि पंपाच्या टर्मिनलवर १०.७. मधले १.८ व्होल्ट कुठेतरी खाल्ले जातायत. मग याच मीटरच्या वायरींची टोकं म्हणजे प्रोब, एक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा पंपाच्या प्लसवर ठेवला तर ०.४ व्होल्ट आले, म्हणजे त्या वाटेत तेवढे जातायत, ते लांब वायरच्या मानाने जरा जास्त पण चालण्यासारखं. तेच मायनसच्या बाजूने केलं तर १.४! सगळा घोळ मायनसला. एक एक जोड पुढे सरकत गेलो आणि पलंगाखाली जिथे मायनसची केबल चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टने बसवलीय तिथे एक प्रोब लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) आणि दुसरा खरवडलेल्या पत्र्यावर ठेवल्याबरोबर जवळजवळ सगळे १.४ त्या एका बोल्टवर दिसले. १० अँपिअर गुणिले १.४ म्हणजे १४ वॅट नुसती उष्णता, बोल्टला हात लावला तर चांगलाच गरम. उघडला तर लगच्या खाली रंगाचा थर तसाच आणि कडेने गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन लग, दातेरी वॉशर, घट्ट आवळून वरून ग्रीस. परत मोजलं तर ०.०५. पंपाचा आवाजच बदलला, आणि फ्रिज पहाटे का बंद पडायचा तेही समजलं, रात्री बॅटरी थोडी उतरली की या बोल्टमुळे फ्रिजपर्यंत इतकं कमी पोचायचं की तो लो व्होल्टेजला कटऑफ व्हायचा.

म्हणून माझं स्पष्ट मत, लोड (पंप, दिवा असं करंट ओढणारं काही) चालू नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. दुसरा एक दिवा अजिबात लागत नव्हता आणि होल्डरवर मीटर चक्क १२.४ दाखवत होता. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही त्यामुळे सडलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. तिथे गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, लावल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला. क्रिंप (वायरवर दाबून बसवलेला जोड) आतून हिरवी पडली होती. काही मीटरमध्ये यासाठी लो इम्पिडन्सची सेटिंग असते, म्हणजे मोजताना मीटर स्वतःच थोडा करंट ओढतो, माझ्यात नाहीये, असेल तर चांगलंच, पण बल्ब तरी जवळ ठेवाच.

फ्यूज तपासायला मात्र हा मस्त. ब्लेड फ्यूज काढायचीसुद्धा गरज नाही, वरती दोन बारीक उघड्या जागा असतात तिथे प्रोब टेकवायचे, दोन्हीकडे व्होल्टेज असेल तर फ्यूज चांगला.

कमी काय आहे तर छोटा करंट. गाडी उभी असताना बॅटरी कोण पितंय ते शोधताना याचा आकडा डोलत राहतो, ०.१ च्या खाली मी धरत नाही. तिथे साधा मल्टिमीटर मधे घालूनच मोजावं लागलं आणि ०.२ अँपिअर निघाले, गॅस डिटेक्टर आणि स्टिरिओ मिळून. ऐकायला किरकोळ वाटतं पण दिवसाला ४.८ अँपिअर-तास होतात, १०० अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत अर्धी. गॅस डिटेक्टर बंद करायचा नाही, तो जिवासाठी आहे, मी स्टिरिओला स्विच टाकला. शिवाय प्रोबच्या वायरी फार आखूड आहेत, बॅटरीपासून पंपापर्यंत पोचायला मला पाच मीटरची जास्तीची वायर जोडावी लागली, आणि १५ मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो त्यामुळे रात्रभर मिनिमम व्होल्टेज बघायला लावून ठेवला की सकाळी काहीच मिळत नाही, बटण दाबून हे आपोआप बंद होणं थांबवता येतं पण मॅन्युअलमध्ये ते अगदी शेवटी लिहिलंय.

बाहेरून येणाऱ्या मेन्सच्या बाजूला मी हा फक्त वायरभोवती अडकवतो, तिथलं पॅनल उघडायचं काम इलेक्ट्रिशियनचंच.

मागच्या आठवड्यात पलंगाखालचा तो बोल्ट परत मोजला, ०.०६ आहे. पायरीखालचा चासीला मायनस जोडणारा दुसरा बोल्ट ०.३ दाखवतोय, पुढच्या रविवारी तो उघडणार आहे.