साठ्याची सिस्टिम, नऊ महिन्यांनी: एका बेअरिंगची तीन नावं

गेल्या आठवड्यात मशीन बंद पडलं. ६२०४ झेडझेड बेअरिंग हवं होतं आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर शिल्लक शून्य. तातडीने चढ्या भावात मागवलं. दुसऱ्या दिवशी रॅक आवरताना तेच अकरा नग हाती लागले. नऊ महिन्यांत या सिस्टिमवर एवढा संताप कधी आला नव्हता.

सपोर्टला फोन केला. "सिस्टिम बरोबरच दाखवतेय," हेच तीनदा ऐकवलं. शेवटी मीच हिस्टरी उघडली, तर एक वस्तू तीन नावांनी चढलेली: ‘बेअरिंग ६२०४ झेडझेड’, ‘६२०४झेडझेड’, ‘बॉल बेअरिंग ६२०४’. मधलं नाव माझ्याच लॉगिनने, घाईत आवक चढवताना.

तिथे माझा राग सॉफ्टवेअरवरून हलला. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे डेटा तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख असते, प्रायमरी की. आमचे तिन्ही कोड वेगळे, म्हणून डेटाबेसच्या लेखी तीन वस्तू. रॅक त्याला कुठून दिसणार? माहिती प्रणालीत संगणक आणि डेटा येतो, तशी नोंद करणारी माणसं आणि नोंदीची पद्धतही येते. आम्ही सॉफ्टवेअरचे पैसे मोजले, पद्धत ठरवलीच नाही. रीऑर्डर लेव्हलसुद्धा, म्हणजे शिल्लक किती उरली की नवा माल मागवायचा तो आकडा, प्रत्येक नावाला वेगळी पडली होती. म्हणजे कित्येक महिने माल शिल्लक असताना खरेदी होत होती, हे मला सर्वांत जास्त लागलं.

तरी एक तक्रार सोडणार नाही. नवा आयटम उघडताना मिळतीजुळती नावं समोर यायलाच हवीत. तेवढं असतं तर हा खर्च टळला असता. मर्जची, म्हणजे दोन नोंदी एकत्र करण्याची, सोय आहे, पण केलेलं मर्ज मागे घेता येत नाही. आणि ‘बॉल बेअरिंग ६२०४’ म्हणजे नेमकं कोणतं? झेडझेडला पत्र्याची झाकणं, टूआरएसला रबरी सील. दोन्हींचं माप २० × ४७ × १४ मिमी, पण ओल आणि धूळ असलेल्या जागी झेडझेड लवकर जातं. म्हणून एकेक खोका उघडून पाहिला, मगच मर्ज केलं.

आवक-जावक, बारकोड, महिनाअखेरचे रिपोर्ट यांबद्दल तक्रार नाही.

आता नवा आयटम उघडण्याचे राइट्स दोघांनाच आहेत. नावाचा क्रम ठरलाय: वस्तू, नंबर, सील, माप. बेअरिंगची यादी साफ झाली. ऑइल सील आणि व्ही-बेल्ट अजून बाकी आहेत.