लालबागची मसाला गल्ली: आईला घेऊन गेले, मसाला करून आणला

गेल्या वर्षी आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी आमच्या इथल्याच एका दुकानातून (नाव नको) मसाला कुटून घेतला, त्यांनी आदल्या गिऱ्हाइकाचा मसाला नीट झाडला नव्हता बहुतेक, आमच्या मसाल्याला कसलातरी भलताच वास, वर्षभर माशाच्या कालवणाला चवच नाही. आई काही बोलली नाही पण जेवायची कमी. म्हणून यंदा एप्रिलमध्ये ठरवलं की लालबागलाच जायचं, आईला घेऊन, आणि लेकीलाही.

चिंचपोकळी स्टेशनला उतरून हळूहळू चालत गेलो. गल्लीत शिरण्याआधीच ठसका लागतो, लहान मूल सोबत असेल तर रुमाल ठेवाच. आईचं सगळं आयुष्य याच भागात गेलंय, 1982 च्या संपात बाबांची मिल सुटली ती सुटलीच, मग ती घरगुती मालवणी मसाला विकायची आणि मिरची इथूनच न्यायची. त्यामुळे दुकानदाराने बेडगी पुढे केली तर हिने दोन मिरच्या मोडल्या, बिया बघितल्या, नको म्हणाली, दुसरं पोतं उघडायला लावलं. लेकीला म्हणे, "चेडवा, आधी रंग बघ, मगे वास घे." बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, मध्ये संकेश्वरी. किलो मिरचीला अर्धा किलो धणे हे तिचं माप, बाकी बडीशेप, दगडफूल, मसाला वेलची, नागकेशर, तिरफळ वगैरे ती मुठीने काढते आणि दुकानदार त्या मुठी वजनकाट्यावर टाकत होता. लेक ते ग्रॅम मोबाईलमध्ये लिहून घेत होती. इतकी वर्षं आमच्या घरात हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं हो, मीसुद्धा नाही.

गरम मसाला तिथेच मोठ्या कढईत भाजून देतात. मग डंख, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात, बोलणं ऐकू येत नाही, पण समोर उभं राहून आपलाच माल कुटून घेता येतो, मला तर हेच सगळ्यात आवडलं. आमच्या आधीचा मसाला त्या मुलाने ब्रशने पूर्ण झाडून काढला, आम्ही सांगायच्या आधीच. आईला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

भाव दुकानागणिक वेगळे आहेत, दोनतीन ठिकाणी विचारा. रविवारी जाऊ नका, मेच्या शेवटी तर अजिबात नको, पावसाच्या आधी सगळ्यांची एकदम घाई असते. देठ खुडलेली मिरची मागा, नाहीतर घरी आणून खुडत बसा. आणि मसाला गरम असतो, घरी आल्यावर परातीत पसरून गार करा मगच बरणीत, वर हिंगाचे खडे.

डोंबिवलीपर्यंत पिशवी आईने मांडीवरच ठेवली, रॅकवर ठेवू दिली नाही. रात्री बांगड्याचं कालवण केलं, तिने दोनदा भात घेतला.